घरातलं म्हातारं माणूस पडलं की आधी गोळ्यांचा डबा उघडा

आमचे अण्णा ७९ वर्षांचे, सांगलीत असतात, मागच्या पावसाळ्यात एका महिन्यात दोनदा पडले. पहिल्यांदा आम्ही सगळं खापर फरशीवर फोडलं, बाथरूमच्या दारातलं पायपुसणं काढून टाकलं, रबरी तळाच्या चपला आणल्या, भिंतीला हँडल बसवलं आणि झालं काम असं समजून बसलो. दुसऱ्यांदा पडले तेव्हा फरशी कोरडी, लाइट चालू, चपला पायात, हँडल हाताशी आणि तरी पडले. दोन्ही वेळा पहाटे साडेतीन-चारचा सुमार, लघवीला उठले, पलंगावरून उतरले, चार पावलं टाकली आणि डोळ्यापुढे अंधारी आली. हाड मोडलं नाही हे नशीब, कपाळाला टेंगूळ आणि कोपर खरचटलं एवढ्यावर भागलं. माझी मावसबहीण नर्स आहे, तिला फोन केला तर तिने फरशीचं काही विचारलंच नाही, ती म्हणाली "काका रात्री कुठल्या गोळ्या घेतात आणि किती वाजता, ते सांग आधी."

अण्णांच्या गोळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. तो डबा मी टेबलावर उपडा केला तर अकरा स्ट्रिपा निघाल्या, काही कात्रीने कापलेल्या, नावाचा भाग कापण्यात गेलेला. बीपीची अम्लोडिपिन ५ एक, आणि दुसऱ्याच नावाची एक जिच्या पाठीवर बारीक अक्षरात टेल्मिसार्टन अधिक अम्लोडिपिन लिहिलेलं, म्हणजे एकच औषध दोन नावांनी पोटात जात होतं, कारण एक जुन्या डॉक्टरांची आणि दुसरी हॉस्पिटलच्या डिस्चार्जच्या कागदावरून आलेली, आणि जुनी बंद करा असं कुणी सांगितलंच नव्हतं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन, नुकतीच सुरू झालेली, रात्री जेवणानंतर. सर्दीची गोळी, मेडिकलमधून अशीच मागून आणलेली. आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम, "अर्धीच घेतो रे" असं म्हणून रोजची. रात्री नऊ ते दहाच्या मधे बीपी उतरवणाऱ्या तीन आणि गुंगी आणणाऱ्या दोन, आणि हा माणूस पहाटे अंधारात उठून चालायला लागतो!

मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर अण्णांच्या फिजिशियननी आणि बहिणीने जे समजावून सांगितलं आणि आम्ही घरी जे करून बघितलं ते इथे लिहितोय, कारण ज्यांच्या घरी सत्तरीच्या पुढचं माणूस आहे त्यांच्याकडे असा एक डबा असतोच. एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी, हे वाचून कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्याचं कारण पुढे सांगतो.

पहिलं काम, पडण्याची वेळ लिहा

साधी शंभर पानी वही घ्या. पडले त्याची तारीख, किती वाजता, पडायच्या आधी नेमकं काय करत होते (झोपेतून उठले, जेवून उठले, वर बघितलं, वळले), शेवटचं काही खाल्लं कधी, शेवटची गोळी कुठली आणि कधी. आणि एक प्रश्न जरूर विचारा, पडताना कळलं का, की एकदम खालीच होतो असं झालं? पाय अडकून पडणं वेगळं आणि शुद्ध जाऊन पडणं वेगळं, शुद्ध गेली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, कारण ते हृदयाच्या ठोक्यांचंही असू शकतं. नुसता तोल गेला, भिंत धरली आणि वाचले तेही लिहा. म्हातारी माणसं हे सांगत नाहीत, आपल्याला त्रास नको म्हणून लपवतात, म्हणून "पडलात का?" असं न विचारता "आज कुठे हात टेकावा लागला का?" असं विचारा, लगेच सांगतात.

चार-पाच नोंदी झाल्या की त्या वेळेवरून बरंच कळतं. झोपून किंवा बसून उठताक्षणी होत असेल तर बीपी एकदम खाली येतंय का ते बघायचं. सकाळी नऊ-दहापर्यंत झिंगल्यासारखं असेल, जीभ जड असेल तर रात्रीची झोपेची किंवा नसांची गोळी. जेवणाआधी घाम, थरथर, चिडचिड असेल तर शुगर. दुपारचं भरपेट जेवण करून उठताना होत असेल तर तेही बीपीच, कारण जेवणानंतर रक्त पोटाकडे जास्त वळतं आणि वयस्कर शरीराला ते सावरून घ्यायला जमत नाही.

मग डबा टेबलावर

डब्यातलं सगळं म्हणजे सगळं. ड्रॉवरमधलं, उशीखालचं, देवघरातलं, पिशवीतलं, डोळ्यांचे थेंब, खोकल्याचं औषध, आयुर्वेदिक चूर्ण, शेजारच्या काकूंनी "मला गुण आला" म्हणून दिलेल्या चार गोळ्या. नाव वाचू नका, मागचं बारीक वाचा, मोबाइलने फोटो काढून मोठं करून वाचा. आपल्याकडे एकाच औषधाची पन्नास नावं असतात, आणि एका नावाच्या गोळीत दोन-तीन औषधं असतात, त्यामुळे दुहेरी डोस होणं अजिबात अवघड नाही. कागदावर तीन रकाने पाडा, आतलं औषध, किती वाजता घेतात, कुणी आणि कशासाठी सुरू केलं. तिसऱ्या रकान्यात "माहीत नाही" किती वेळा लिहावं लागतं ते बघा. आमच्याकडे चार वेळा लिहावं लागलं.

थेंब का लिहायचे असं वाटेल. काचबिंदूचे टिमोलोलचे थेंब डोळ्यातून नाकात आणि तिथून रक्तात जातात आणि नाडी मंद करू शकतात, त्यात बीपीसाठी मेटोप्रोलोल किंवा अटेनोलोल चालू असेल तर आणखीच. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर हलका दाबून धरला की रक्तात कमी जातं. आणि आयुर्वेदिक म्हणजे सौम्यच असं धरून चालू नका, सर्पगंधा स्वतः बीपी उतरवते, कारल्याचा रस शुगरच्या गोळीवर भर घालू शकतो.

कुठल्या गोळ्यांकडे बघायचं

वय झालं की किडनी आणि लिव्हर औषध हळू बाहेर काढतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि चरबीचं प्रमाण वाढतं, म्हणून चाळिशीत जी गोळी रात्रीपुरती होती ती ऐंशीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगात असते. डायझेपाम तर दिवसेंदिवस साठत जातं. झोपेच्या आणि टेन्शनच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, झोल्पिडेम, या पडण्याच्या बाबतीत सगळ्यात वाईट. अमेरिकेतल्या जेरियाट्रिक्स सोसायटीची, म्हणजे म्हातारपणीच्या आजारांच्या डॉक्टरांच्या संस्थेची, बीअर्स नावाची यादी आहे, डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ साली सुरू केलेली, तिची २०२३ ची आवृत्ती आहे, तीत पूर्वी पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना या गोळ्या टाळा असं स्पष्ट लिहिलंय. "अर्धीच घेतो" हे ऐकून निश्चिंत होऊ नका, अर्धीसुद्धा रोज घेतली की रोजचीच झाली.

सर्दीच्या गोळीत आणि खोकल्याच्या औषधात बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन किंवा तसलंच गुंगीचं काहीतरी असतं. त्याने तोंड कोरडं पडतं, लघवी अडते (प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला तर फारच), डोकं गरगरतं. खाज, पित्त उठणं यासाठीची हायड्रॉक्सिझिनही त्याच घरातली. तळपायाची आग होते म्हणून जी मिळते ती प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन, कधी तिच्यातच नॉर्ट्रिप्टिलिन मिसळलेली, आणि लोक तिला "नसांच्या ताकदीची व्हिटॅमिनची गोळी" समजतात कारण सोबत मिथाइलकोबालामिन असतं. ती व्हिटॅमिनची गोळी नाही, तिने झापड येते, तोल जातो, आणि किडनी कमी चालत असेल तर डोस कमी करावा लागतो. गुडघेदुखीसाठी ट्रामाडॉल चालू असेल तर तेही याच रांगेत.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, कारण ते कुणाच्या लक्षातच येत नाही. अ‍ॅसिडिटीची रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल असते ना, पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलची, तिच्यात पुष्कळदा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. पोट हलकं वाटतं म्हणून लोक ती वर्षानुवर्षं घेतात. तसंच "चक्करची गोळी" म्हणून सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन, चार दिवसांसाठी दिलेली, महिनोन्महिने चालू राहते. या औषधांनी म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरायला लागतात, पाय घासत चालतात, चेहरा ताठ होतो, वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, अगदी पार्किन्सन्स (कंपवात) झाल्यासारखं. मग पार्किन्सन्सची गोळी सुरू होते, ती उठताना बीपी पाडते, त्याने चक्कर येते, त्या चक्करसाठी पुन्हा चक्करची गोळी! माझ्या मामींचं असंच झालं होतं, सहा महिने त्या काठी घेऊन फिरत होत्या, एका डॉक्टरांनी फक्त गॅसची कॅप्सूल बदलली आणि दोन-अडीच महिन्यांत हाताची थरथर गेली. सगळ्यांचं इतकं सोपं नसतं, खरा पार्किन्सन्सही असतो, पण चालण्यात असा फरक दिसला तर "यांना गॅसची किंवा चक्करची गोळी चालू आहे, तिच्यामुळे असेल का?" हे विचारायचंच.

बीपी आणि लघवीच्या औषधांचं थोडक्यात असं की बीपीच्या गोळ्या वाईट नाहीत, त्या लकवा आणि हार्ट अटॅकपासून वाचवतात, अडचण होते ती डोस, वेळ आणि जोडीची. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन, सिलोडोसिन किंवा प्राझोसिन ही लघवीच्या वाटेचा स्नायू सैल करतात तशा रक्तवाहिन्याही थोड्या सैल करतात, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत आणि मधे चार-पाच दिवस खंड पडून पुन्हा सुरू केल्यावर जास्त जपायचं. फ्युरोसेमाइड, टॉरसेमाइड अशा लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या संध्याकाळी घेतल्या तर रात्री चारदा उठावं लागतं आणि प्रत्येक उठणं म्हणजे पडण्याची एक संधी, म्हणून ती गोळी सकाळी किंवा दुपारच्या आत घेता येईल का विचारा. हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि क्लोरथॅलिडोन या गोळ्यांनी, आणि डिप्रेशनच्या एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांनी, "सोडियम कमी झालं" हा प्रकार होतो, माणूस असंबद्ध बोलतो, अंगात त्राण राहत नाही, चालताना झुकतो. रक्ताची साधी तपासणी आहे, करून घ्या.

शुगरवाल्यांनी ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड आणि इन्सुलिनवर लक्ष ठेवा. गोळी घेतली आणि संकष्टी म्हणून जेवण चंद्रोदयापर्यंत ढकललं, किंवा एकादशीला नुसत्या राजगिऱ्याच्या लाडवावर दिवस काढला, की शुगर ७० च्या खाली जाऊन माणूस कोसळतो. उपास मोडा म्हटलेलं आजी ऐकणार नाहीत, आमची आईही ऐकत नाही, म्हणून उपासाच्या दिवशीचा डोस काय हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. मेटोप्रोलोलसारखी गोळी चालू असेल तर शुगर उतरताना होणारी धडधड आणि थरथर कळतच नाही, घाम तेवढा येतो, त्यामुळे अचानक घाम दिसला की मशीनवर शुगर बघायची. आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं, त्याने तळपाय बधिर होतात, पायाखाली जमीन नीट लागत नाही, तेही एकदा तपासा.

झोपून आणि उभं राहून बीपी

दवाखान्यात बीपी खुर्चीत बसवून बघतात, म्हणून अण्णांचं कायम "छान आहे, १३०" यायचं. घरी असं करा. दंडाला बांधायचं डिजिटल मशीन घ्या, दोघं जण असा, एकाने धरायला. पाच मिनिटं आडवं झोपवा, गप्पा बंद, मग बीपी घ्या आणि लिहा. पट्टा तसाच ठेवून उभं करा, हात छातीच्या उंचीला आधार देऊन, एका मिनिटाने एकदा आणि तीन मिनिटांनी एकदा. वरचा आकडा २० किंवा जास्त, नाहीतर खालचा १० किंवा जास्त घसरला, तर उठताना बीपी पडतंय हे पक्कं. आकडा तेवढा घसरला नाही पण अंधारी आली तरी ते लिहा. उभं राहवत नसेल तर ओढाताण नको, लगेच बसवा. हे ज्या वेळेला पडतात त्या वेळेच्या आसपास केलं तर जास्त कळतं. मी पहाटे पावणेचारला अण्णांना उठवलं, आडवे असताना १४२/८०, उभं राहिल्यावर एका मिनिटात ११२/७०, आणि मी दंड धरलेला असताना त्यांची बोटं माझ्या मनगटाभोवती घट्ट झाली ती मला कळली, तोंडाने मात्र म्हणाले "काही नाही, ठीक आहे."

हा कागद आणि तीन रकान्यांचा कागद घेऊन आम्ही फिजिशियनकडे गेलो, सोबत सगळ्या स्ट्रिपांची पिशवी. त्यांनी वेगळी अम्लोडिपिन बंद केली, जोडगोळी सकाळी नेली, सर्दीची बंद, टॅमसुलोसिन तशीच ठेवली कारण ती लागत होती, आणि अल्प्राझोलाम दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करत जवळजवळ अडीच महिन्यांत सोडवली. पहिले पंधरा दिवस झोप आली नाही, अण्णा वैतागले, रात्री दोनला रेडिओ लावून बसायचे. नंतर सवय झाली.

आता ती बंद न करण्याची गोष्ट. झोपेची गोळी एकदम सोडली तर घालमेल, भ्रम, अगदी फिटसुद्धा येऊ शकते. मेटोप्रोलोलसारखी एकदम सोडली तर छातीत दुखणं उद्भवू शकतं, क्लोनिडिन सोडली तर बीपी उसळतं, स्टेरॉइड बरेच दिवसांचं असेल तर ते तोडणं जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टरांना विचारायचं ते असं, ही गोळी अजून लागते का, कमी करता येईल का, वेळ बदलता येईल का, बंद करायची तर कशी? वेगवेगळे स्पेशालिस्ट असतील तर सगळी यादी बघणारा एक फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन ठरवा. "डॉक्टरांना राग येईल" म्हणून गप्प बसू नका, आमचे उलट म्हणाले की अशी यादी कुणी आणतच नाही.

भेट मिळेपर्यंत आजच्या रात्रीपासून

उठताना आधी पलंगावर बसायचं, पाय खाली सोडून पंजे वरखाली वीस-पंचवीस वेळा, दोन मिनिटं थांबून मग उभं राहायचं, उभं राहून मनात दहापर्यंत मोजायचं आणि मग पाऊल. पलंगाजवळ युरिन पॉट ठेवा, लाज वाटते पण अण्णांनी चौथ्या दिवशी स्वतः मागितला. पुरुषांनी रात्री बसूनच लघवी करावी. दिवसा पाणी नीट प्यायला द्या, म्हातारपणी तहान लागत नाही, फक्त हार्ट किंवा किडनीसाठी पाणी मोजून सांगितलं असेल तर ते पाळा. मे महिन्याच्या उन्हात किंवा जुलाब-उलट्या चालू असताना लघवीच्या आणि बीपीच्या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे त्याच दिवशी फोन करून विचारा. नवीन गोळी सुरू झाली, डोस वाढला, किंवा हॉस्पिटलमधून घरी आले की पहिले दोन आठवडे रात्री कुणीतरी त्याच खोलीत झोपा.

आणि पडलेच तर

धावत जाऊन काखेत हात घालून उचलू नका. आधी बोला, शुद्धीवर आहेत का बघा, खुबा दुखतोय का विचारा, एक पाय आखूड दिसत असेल आणि पंजा बाहेर वळलेला असेल तर हलवू नका, पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा. शुगरवाले असतील तर शुगर बघा. मग डब्याकडे जा आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते बघा, वॉरफॅरिन, अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन. या गोळ्यांनी माणूस पडत नाही, पण डोक्याला मार लागला तर आत रक्त साठू शकतं, म्हणून डोकं आपटलं असेल आणि यातली गोळी चालू असेल तर माणूस ठणठणीत बोलत असला तरी त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये नेऊन सीटी स्कॅनचं विचारा. कधी कधी हे रक्त हळूहळू साठतं, दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखायला लागतं, माणूस सुस्त होतो, नावं विसरतो, एक पाय ओढतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. तेव्हा ती वही उघडा, पडल्याची तारीख काढा आणि डॉक्टरांना सगळ्यात आधी तीच सांगा.